रुग्णसुरक्षेचा हिशेब

ग्रामीण भागातील रुग्णालय रोजच्या व्यवहारात डॉक्टर, अधिपरिचारिका, औषधनिर्माते, कक्षसेवक आणि सफाई कामगार चालवीत असले, तरी तेथे रुग्णाला मिळणाऱ्या उपचाराच्या दर्जाबद्दल शेवटी उत्तरदायी कोण, हा प्रश्न त्यांच्याही वरच्या पातळीवर सोडवावा लागतो. अमेरिकेत ही पातळी म्हणजे रुग्णालयाचे संचालक मंडळ होय; महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत तिचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे रुग्ण कल्याण समिती. दोन्ही ठिकाणी अनेक सदस्यांना वैद्यकशास्त्राचे शिक्षण नसते, आणि म्हणून उपचारांवर देखरेख ठेवण्याचे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, असा समज सर्वसामान्यांत आणि खुद्द सदस्यांतही आढळतो. तो चुकीचा आहे. गावच्या दूध संस्थेच्या संचालकाला पशुवैद्यक यावे लागत नाही. संकलन केंद्रावरचा काटा आणि फॅट मोजण्याचे यंत्र बरोबर चालते की नाही, नोंदी रोजच्या रोज होतात की नाही आणि तक्रार आली तर तिचा निकाल लागतो की नाही, एवढे त्याने चोखपणे पाहिले तरी संस्था सुधारते. रुग्णालयाच्या समितीचे कामही मूलतः याच जातीचे आहे. पैशांचा हिशेब जितक्या काटेकोरपणे मागितला जातो, तितक्याच काटेकोरपणे रुग्णाच्या सुरक्षिततेचा हिशेब मागणे, हे त्या कामाचे सार आहे.

दर्जा म्हणजे नेमके काय

आरोग्यसेवेचा दर्जा मोजण्याची जी चौकट आज जगभर वापरली जाते, ती अवेदिस दोनाबेदियन या वैद्यकतज्ज्ञाने १९६६ मध्ये मांडली. तिच्यानुसार दर्जा तीन अंगांनी पाहावा लागतो. पहिले अंग रचनेचे, म्हणजे इमारत, खाटा, उपकरणे, औषधे आणि मनुष्यबळ. दुसरे प्रक्रियेचे, म्हणजे योग्य रुग्णाला योग्य वेळी योग्य उपचार मिळाला का. आणि तिसरे फलिताचे, म्हणजे रुग्ण बरा झाला, त्याला इजा झाली की तो दगावला. आपल्याकडील चर्चा बहुधा पहिल्या अंगापाशी थांबते. डॉक्टरांचे पद रिक्त आहे, क्ष-किरण यंत्र बंद आहे, इमारत गळते, हे मुद्दे खरेच असतात. परंतु प्रसूती कक्षात रक्तदाबाचे यंत्र असूनही दाखल झालेल्या प्रत्येक मातेचा रक्तदाब मोजून केसपेपरवर नोंदवला गेला का, हा प्रश्न विचारला जात नाही, तोवर यंत्राच्या खरेदीने दर्जा वाढला असे म्हणता येत नाही.

रुग्णसुरक्षा हा दर्जाचाच एक भाग असून, मूळ आजारामुळे नव्हे तर उपचाराच्या ओघात रुग्णाला होणारी टाळता येण्याजोगी इजा रोखणे, असा तिचा अर्थ आहे. चुकीच्या रुग्णाला दिलेले इंजेक्शन, शस्त्रक्रियेनंतर जखमेत झालेला जंतुसंसर्ग, चुकीच्या गटाचे रक्त, वेळेवर न ओळखलेला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव ही तिची ठळक उदाहरणे होत. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण वैद्यकीय चुकांमुळे दगावत असावेत, असा अंदाज मांडला आणि त्यानंतर हा विषय जगभर ऐरणीवर आला. आकड्यांपेक्षाही त्या अहवालाचा निष्कर्ष अधिक टिकाऊ ठरला : बहुतेक चुका निष्काळजी माणसांमुळे होत नाहीत, तर चांगल्या माणसांनाही चुकायला लावणाऱ्या सदोष व्यवस्थेमुळे होतात. सारख्या रंगाच्या वेष्टणांतील दोन वेगळ्या औषधांच्या कुप्या एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवल्या, तर रात्रपाळीतील थकलेल्या परिचारिकेच्या हातून कधी ना कधी अदलाबदल होणारच. तिला शिक्षा केल्याने ट्रेमधील मांडणी बदलत नाही. व्यवस्था बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांच्याकडे म्हणूनच सुरक्षेची जबाबदारी येते, आणि येथेच समितीचा संबंध सुरू होतो.

एका छोट्या गावातील खटला

रुग्णालय म्हणजे डॉक्टरांना काम करण्यासाठी उपलब्ध करून दिलेली जागा आणि उपचारांची जबाबदारी सर्वस्वी डॉक्टरांची, अशी समजूत अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. तिला तडा गेला तो इलिनॉय राज्यातील चार्ल्स्टन या छोट्या गावातील रुग्णालयामुळे. नोव्हेंबर १९६० मध्ये फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या एका महाविद्यालयीन तरुणाला तेथे दाखल करून प्लास्टर घालण्यात आले. थोड्याच वेळात त्याला असह्य वेदना होऊ लागल्या, पायाची बोटे सुजून काळी पडली आणि पुढे थंड व बधिर झाली. रक्तपुरवठा बंद पडत असल्याची ही लक्षणे दिसत असताना डॉक्टरांनी प्लास्टर टप्प्याटप्प्याने थोडे थोडे कापले, परंतु अधिक अनुभवी तज्ज्ञाचा सल्ला घेतला गेला नाही. परिचारिकांनी रक्ताभिसरण पुरेशा वेळा तपासले नाही आणि धोका रुग्णालयाच्या व्यवस्थापनाच्या कानावर घातला नाही. दोन आठवडे उलटल्यावर त्याला सेंट लुईस येथील मोठ्या रुग्णालयात हलवण्यात आले, तेव्हा पाय वाचवता आला नाही आणि तो गुडघ्याखाली कापावा लागला.

‘डार्लिंग विरुद्ध चार्ल्स्टन कम्युनिटी मेमोरियल हॉस्पिटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये दिलेला निर्णय रुग्णालय प्रशासनाच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. न्यायालयाने रुग्णालयाला स्वतंत्रपणे जबाबदार धरले. रुग्णालयाचे स्वतःचे उपविधी, परवान्याचे नियम आणि मान्यतेची मानके ही जबाबदारी ठरवताना पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतात, असे सांगून न्यायालयाने रुग्णालयाचे काम खाटा आणि परिचारिका पुरवण्यापुरते नाही, हे स्पष्ट केले. या निर्णयानंतर अमेरिकेतील संचालक मंडळांना दोन कामे टाळता येईनाशी झाली : कोणत्या डॉक्टरला कोणत्या शस्त्रक्रिया व उपचार करण्याची मुभा द्यायची, हे त्याचे शिक्षण व आधीची कामगिरी तपासून ठरवणे, आणि दिलेली मुभा योग्य प्रकारे वापरली जाते की नाही यावर सातत्याने लक्ष ठेवणे.

ग्रामीण भागात ही कामे विशेष अवघड असतात. अमेरिकेने १९९७ च्या कायद्याने दुर्गम भागातील छोट्या रुग्णालयांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. अशा रुग्णालयात २५ पेक्षा अधिक आंतररुग्ण खाटा असू शकत नाहीत, तातडीची सेवा चोवीस तास द्यावी लागते आणि रुग्णांच्या मुक्कामाची वार्षिक सरासरी ९६ तासांच्या आत ठेवावी लागते. तेथील मंडळांवर शेतकरी, शिक्षक, व्यापारी, बँकेतील अधिकारी असे गावातीलच लोक बसतात. गावात शल्यचिकित्सक एकच असेल, तर त्याच्या कामाचा दर्जा तपासण्यासाठी दुसरा शल्यचिकित्सक नसतो. शिवाय तो मंडळाच्या सदस्यांचा शेजारी आणि त्यांच्या कुटुंबाचा डॉक्टरही असतो, आणि तो दुखावून निघून गेला तर रुग्णालयच बंद पडेल ही धास्ती असते. या अडचणीवर तेथे शोधलेला मार्ग म्हणजे बाहेरून होणारे समकक्ष परीक्षण. रुग्णालयांच्या जाळ्यात सामील असलेल्या छोट्या रुग्णालयाला एखाद्या मोठ्या रुग्णालयाशी किंवा मान्यताप्राप्त गुणवत्ता संस्थेशी करार करावा लागतो. निवडक केसपेपर तेथील तज्ज्ञ तपासतात आणि आपले मत मंडळापुढे ठेवतात. अमेरिकेतीलच इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट या संस्थेने डिसेंबर २००६ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेत मंडळांना केलेली सूचना याच विचाराला धरून होती : बैठकीचा किमान चतुर्थांश वेळ दर्जा आणि सुरक्षा या विषयांना दिला जावा.

महाराष्ट्रातील समिती

भारतातील रुग्ण कल्याण समितीचा उगम इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात सापडतो. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आल्यानंतर उंदरांनी पोखरलेल्या या मोठ्या शासकीय रुग्णालयाची सफाई मोहीम जिल्हा प्रशासनाने लोकांच्या मदतीने हाती घेतली, आणि ही सुधारणा टिकवण्यासाठी १९९५ च्या सुमारास लोकसहभागाची समिती आकाराला आली. तिला निधी जमवण्याचे व तो रुग्णालयातच खर्च करण्याचे अधिकार मिळाले. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही कल्पना देशभर नेली. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदल्या जाणाऱ्या या समितीत साधारणपणे धोरण ठरवणारे नियामक मंडळ आणि दैनंदिन निर्णय घेणारी कार्यकारी समिती असे दोन स्तर असतात. लोकप्रतिनिधी, पंचायत राज संस्थांचे सदस्य, शासकीय अधिकारी, रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक आणि स्थानिक नागरिकांचे वा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी तिच्यात असतात.

महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय हे सामान्यतः ३० खाटांचे असते. त्याच्या वर ५० किंवा १०० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, तर खाली जिल्हा परिषदेची प्राथमिक आरोग्य केंद्रे, अशी ही उतरंड आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या समितीला अभियानाच्या निकषांनुसार वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. अबंधित म्हणजे कोणत्या बाबीवर खर्च करायचा हे वरून ठरवून न दिलेला, स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येणारा निधी. ही मोकळीक अत्यंत मोलाची आहे, कारण निर्जंतुकीकरण यंत्राचा बिघडलेला भाग किंवा प्रसूती कक्षातील बंद पडलेला दिवा यांसाठी जिल्ह्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

मात्र या निधीनेच समितीच्या कामाला एक वळण लावले. रंगरंगोटी, पाण्याची टाकी, दुरुस्ती, किरकोळ खरेदी आणि त्यांच्या दरपत्रकांची मंजुरी यांनी विषयपत्रिका भरून जाते, आणि मागील तिमाहीत रुग्णालयात किती मृत्यू झाले, त्यांतले किती टाळता आले असते, हा विषय पत्रिकेवर येतच नाही. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सेवेचा दर्जा राखणे आणि तक्रारींचे निवारण करणे ही समितीची उद्दिष्टे नमूद आहेत. तरीही समिती म्हणजे खर्च मंजूर करणारी यंत्रणा, हीच तिची रूढ ओळख झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आणि शुल्काच्या जमाखर्चाचा भार हलका झाला. समितीने आपला वेळ आणि लक्ष उपचारांच्या दर्जाकडे वळवावे, यासाठी याहून अनुकूल परिस्थिती मिळणे कठीण आहे.

मानके आहेत, पण समितीपर्यंत पोहोचत नाहीत

भारतात शासकीय आरोग्यसेवेच्या गुणवत्तेची यंत्रणा मुळात नसबंदी शस्त्रक्रियांच्या संदर्भात उभी राहिली. रमाकांत राय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यांना गुणवत्ता हमी समित्या स्थापन करण्याचे निर्देश दिले. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर १३ स्त्रियांचा मृत्यू झाला. नियम कागदावर असणे आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारे कोणी असणे, यांतील अंतर या दुर्घटनेने देशापुढे आणले. दरम्यान २०१३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके लागू केली होती. सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, सहाय्यक सेवा, वैद्यकीय उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि फलनिष्पत्ती या आठ क्षेत्रांत रुग्णालयाची तपासणी होते. प्रत्यक्ष पाहणी, कर्मचाऱ्यांशी संवाद, नोंदींची तपासणी आणि रुग्णांची मुलाखत या चार मार्गांनी प्रत्येक बाब पडताळून तिला शून्य, एक किंवा दोन गुण दिले जातात, आणि किमान ७० टक्के गुण व इतर अटी पूर्ण झाल्यास तीन वर्षांसाठी प्रमाणपत्र मिळते. मे २०१५ मध्ये स्वच्छता व संसर्ग नियंत्रणासाठी ‘कायाकल्प’ आणि डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूती कक्षासाठी ‘लक्ष्य’ हे उपक्रम या मानकांना जोडले गेले.

ही मानके वाचणाऱ्याला जाणवते की त्यांतील पुष्कळशा बाबी कोणाही सुजाण नागरिकाला तपासता येण्याजोग्या आहेत. प्रसूती कक्षात हात धुण्याच्या जागी वाहते पाणी आणि साबण आहे का, निर्जंतुकीकरणाच्या नोंदवहीत तारीख, वेळ आणि सही आहे का, तातडीच्या ट्रेमधील औषधांची मुदत संपलेली नाही ना, ऑक्सिजनचा भरलेला आणि रिकामा सिलिंडर वेगळा ओळखता येतो का, वापरलेल्या सुया पांढऱ्या, न भेदता येणाऱ्या डब्यात जातात का, यांतील एकाही प्रश्नासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. अडचण अशी की रुग्णालयाचे गुणवत्ता पथक आपले गुणपत्रक जिल्ह्याच्या गुणवत्ता हमी समितीकडे पाठवते, रुग्ण कल्याण समिती आपले ठराव आपल्या वहीत लिहिते, आणि दोन्ही प्रवाह एकमेकांना क्वचितच भेटतात. ज्या बाबीत शून्य गुण मिळाले, ती दुरुस्त करण्यासाठी लागणारा अबंधित निधी समितीच्या हाती असतो. परंतु गुणपत्रक तिच्या बैठकीत मांडले गेले नाही, तर तो निधी भलतीकडे खर्च होतो.

छोटे आकडे कसे वाचावेत

ग्रामीण रुग्णालयाच्या देखरेखीत एक अडचण निव्वळ गणिताची आहे आणि ती समजून घेतल्याखेरीज अहवालांचा अर्थ लागत नाही. समजा, एखाद्या रुग्णालयात वर्षभरात ३० सिझेरियन शस्त्रक्रिया झाल्या आणि एकाही मातेला जखमेचा जंतुसंसर्ग झाला नाही. अहवालात ‘संसर्गाचे प्रमाण शून्य टक्के’ असे लिहिले जाईल आणि ते खोटेही नसेल. परंतु संख्याशास्त्रातील एका सोप्या नियमानुसार, एखादी घटना काही प्रसंगांत एकदाही घडली नसेल, तर ३ या आकड्याला त्या प्रसंगांच्या संख्येने भागून येणारे उत्तर ही तिच्या खऱ्या प्रमाणाची साधारण कमाल मर्यादा मानावी लागते. येथे ती १० टक्के येते; म्हणजे दर दहा मातांत एकीला संसर्ग व्हावा इतकी सदोष व्यवस्था असूनही नशिबाने वर्ष निभावून गेले असण्याची शक्यता उरतेच. उलट पुढच्या वर्षी दोन मातांना संसर्ग झाला, तर ‘शून्यावरून जवळजवळ सात टक्के’ अशी भीतीदायक वाढ कागदावर दिसेल, आणि तीही केवळ योगायोगाची असू शकेल.

म्हणून छोट्या रुग्णालयांच्या समित्यांनी टक्केवारीवर विसंबू नये, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात. तिच्याऐवजी दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे अनिष्ट घटनांमधील अंतर, अर्थात शेवटचा संसर्ग किंवा शेवटची औषधाची चूक झाल्याला किती दिवस लोटले, हे पाहणे. हे अंतर वाढत गेले तर सुधारणा होत आहे असे समजावे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रक्रियेच्या नोंदी. संसर्ग वर्षातून एखाद-दोनदा होतो, पण निर्जंतुकीकरण रोज होते. महिन्यातील कोणतेही दहा केसपेपर काढून त्यांत रक्तदाब, प्रतिजैविक दिल्याची वेळ आणि प्रसूतीनंतरच्या तपासण्यांची नोंद आहे का, हे पाहिले तर व्यवस्थेची प्रकृती फलिताच्या आकड्यांपेक्षा लवकर कळते. प्रत्येक मृत्यूचा आणि थोडक्यात टळलेल्या प्रत्येक दुर्घटनेचा स्वतंत्र आढावाही तितकाच आवश्यक असतो. आपल्याकडे मातामृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत प्रस्थापित आहे आणि दोषी शोधण्याऐवजी कारण शोधावे, हे तिचे तत्त्व आहे. तेच तत्त्व नवजात मृत्यू, चुकीचे औषध आणि पडून झालेली इजा यांनाही लावता येते.

ग्रामीण रुग्णालयात प्रक्रियेची खरी कसोटी लागते ती रुग्ण पुढे पाठवताना. ‘रेफर केले’ या दोन शब्दांत अनेकदा रुग्णालयाची जबाबदारी संपल्याचे मानले जाते, तर रुग्णाची सर्वांत धोकादायक वेळ तेव्हाच सुरू झालेली असते. अमेरिकेत ग्रामीण रुग्णालयांसाठी २०११ पासून राबवल्या जाणाऱ्या गुणवत्ता प्रकल्पात म्हणूनच रुग्णासोबत कोणती माहिती गेली, हे मोजले जाते : आधी चालू असलेली औषधे, ॲलर्जी, येथे दिलेली औषधे, केलेल्या तपासण्या आणि पाठवण्याचे कारण. रक्तस्राव होत असलेल्या मातेला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला पाठवताना सोबतच्या चिठ्ठीवर रक्तदाब, रक्तगट, कोणते इंजेक्शन किती वाजता दिले आणि पुढच्या रुग्णालयात फोनवर कोणाशी बोलणे झाले, एवढे लिहिलेले असेल, तर तेथील डॉक्टरांची मोलाची मिनिटे वाचतात. अशा चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती तिमाहीतून एकदा चाळणे हे समितीसाठी तासाभराचे काम आहे.

पाठपुरावा आणि निर्भयता

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या सुरक्षा परीक्षणाचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. ही दोन्ही मोठी रुग्णालये होती, परंतु त्यांतून निघणारा धडा ३० खाटांच्या रुग्णालयालाही तंतोतंत लागू पडतो : परीक्षण केल्याने धोका दाखवला जातो, तो दूर होतो तो अनुपालनाने. अनुपालन म्हणजे दाखवलेली प्रत्येक त्रुटी कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या निधीतून दूर करायची याची नोंद आणि पुढच्या बैठकीत त्या नोंदीचा आढावा. विद्युत भार, अग्निशामक नळकांडी आणि बाहेर पडण्याचा मोकळा मार्ग हे विषय समितीच्या इतिवृत्तात सलग चार बैठकांत दिसले, तरच कोणी तरी त्यांचा पाठपुरावा करीत आहे असे म्हणता येते.

देखरेखीचे दुसरे पथ्य निर्भयतेचे आहे. चूक सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला नोटीस, बदली किंवा निलंबन यांचे भय वाटत असेल, तर चुका थांबत नाहीत, फक्त त्यांच्या नोंदी थांबतात. अनवधानाने झालेली चूक, सवयीने पडलेली ढिलाई आणि जाणूनबुजून केलेला बेफिकीरपणा यांत समितीने फरक केला पाहिजे. पहिलीसाठी व्यवस्थेत बदल, दुसरीसाठी समज व प्रशिक्षण आणि केवळ तिसऱ्यासाठी शिस्तभंगाची कारवाई, अशी न्याय्य वागणूक मिळेल हा विश्वास निर्माण करणे हे समितीच्या अध्यक्षांचे काम आहे. समितीच्या कामकाजातील एक अंगभूत अडचणही येथे लक्षात घ्यावी लागते. ज्या वैद्यकीय अधीक्षकांच्या कारभारावर देखरेख ठेवायची, तेच सर्वसाधारणपणे सदस्य सचिव म्हणून विषयपत्रिका तयार करतात. त्यांच्या हेतूवर शंका न घेताही, बाहेरच्या नजरेची गरज यातून स्पष्ट होते.

ती नजर महाराष्ट्राला अपरिचित नाही. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि राज्य पातळीवर तिचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने केला. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांची पत्रके भरली, सेवांना चांगली, मध्यम वा वाईट अशी श्रेणी दिली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर औषधांचा तुटवडा, बाहेरून आणायला सांगितलेली औषधे, गैरहजेरी यांबद्दल थेट प्रश्न विचारले. उपचार घेणाऱ्या माणसाकडे दर्जाविषयी अशी माहिती असते जी कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले. या माहितीला रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत कायमची जागा मिळणे ही स्वाभाविक पुढची पायरी होय.

या सर्व विवेचनातून समितीसाठी निघणारी कार्यपद्धती खर्चिक नाही. प्रत्येक बैठकीचा पहिला विषय मागील बैठकीनंतरचे मृत्यू, अनिष्ट घटना आणि तक्रारी हा असावा आणि खर्चाचे विषय त्यानंतर यावेत. गुणवत्ता मानकांचे ताजे गुणपत्रक पटलावर ठेवून शून्य गुणांच्या बाबींना निधीत अग्रक्रम द्यावा. वर्षातून किमान एकदा निवडक केसपेपर रुग्णांची नावे झाकून शेजारच्या रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. बैठकीपूर्वी सदस्यांनी प्रसूती कक्ष, औषध भांडार आणि शौचालये यांतून फेरी मारावी आणि दोन-चार रुग्णांशी बोलावे. या चार गोष्टींसाठी नवा कायदा, नवे पद वा नवे अनुदान लागत नाही.

नागरिकांनाही यात वाटा आहे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या समितीत कोण आहे, तिची शेवटची बैठक केव्हा झाली आणि तिच्या इतिवृत्तात रुग्णसुरक्षेचा एक तरी ठराव आहे का, हे जाणून घेण्याचा मार्ग माहितीच्या अधिकाराने २००५ पासून खुला केला आहे. तो प्रत्येक तालुक्यातील काही जागरूक लोकांनी वापरावा आणि समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारण्यापासून सुरुवात करावी.